तलावाला लागून वेदर स्टेशन, दुपारी ५ अंश कमी आणि आर्द्रता कायम जास्त. जागा बदलू का?

काठावरचा:
नमस्कार मंडळी. घर एका मोठ्या तलावाला अगदी लागून आहे, म्हणजे कुंपण संपलं की थोडा उतार आणि मग पाणीच, आणि हवा धुरकट असली की पलीकडचा काठ दिसत पण नाही एवढा मोठा तलाव. पाण्यापासून साधारण २० मीटरवर गवतात घरगुती वेदर स्टेशन लावलंय, ऑल-इन-वन टाइपचं, तापमान आर्द्रता वारा पाऊस सगळं एकाच दांड्यावर, जमिनीपासून २ मीटर. डेटा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वीडब्ल्यूएक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि तिथून घरगुती स्टेशनांच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका नेटवर्कला.

प्रॉब्लेम असा की ऊन तापलं की माझं तापमान आतल्या भागातल्या स्टेशनांपेक्षा ४-५ अंशांनी कमी येतं, आणि रात्री उलट, त्यांच्यापेक्षा एक-दोन अंश जास्त. आर्द्रतेचं तर विचारूच नका, बाकीचे ५५ च्या आसपास आणि मी ७५. नेटवर्कवाले शेजारच्या स्टेशनांशी ताडून बघतात त्यामुळे रोज दुपारी माझ्या तापमानावर लाल खूण. घरचे म्हणतात की उपट आणि घरामागे रस्त्याच्या बाजूला लाव, एका मित्राचं म्हणणं बरोबर उलट, जेट्टीच्या टोकाला लाव म्हणजे सगळ्यांपेक्षा वेगळा डेटा मिळेल. सेन्सर खराब आहे, जागा चुकलीये की तलावच असा आहे हे कळायला काही मार्ग आहे का? वाऱ्याचे आकडे पण जरा कमीच वाटतात पण ते नंतर बघू.

ढगोबा:
उपटू नका एवढ्यात. लाल खुणेचा अर्थ एवढाच की तुम्ही शेजाऱ्यांसारखे नाही आहात, आणि तलावाच्या काठावरचं स्टेशन शेजाऱ्यांसारखं नसणारच, उलट ते तंतोतंत जुळलं असतं तर मला शंका आली असती.

फरक किती अंशांचा आहे ते सोडा, दिवसभराच्या ग्राफचा आकार बघा. वारा फारसा नसलेल्या, निरभ्र दिवशी सकाळी तुमचं तापमान बाकीच्यांबरोबर चढत जातं का, आणि मग कधीतरी दुपारच्या आसपास अचानक दहा-पंधरा मिनिटांत दोन-चार अंश खाली येऊन तिथेच रेंगाळतं का? त्याच वेळी वाऱ्याची दिशा फिरून तलावाकडून झाली का, आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते) वर गेला का? तिन्ही गोष्टी एकदम झाल्या असतील तर ती लेक ब्रीझ आहे, तलावावरून जमिनीकडे येणारा वारा. जमीन पटकन तापते, पाणी तापायला वेळ घेतं, जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा सरकते. एवढे सगळे योगायोग जुळवून आणणारा खराब सेन्सर मी तरी अजून बघितलेला नाही.

सेन्सरच गंडला असेल तर फरक वाऱ्याची दिशा बघत नाही. वारा जमिनीकडून असो की पाण्याकडून, ढग असोत की ऊन, तो आपला चिकटून राहतो. म्हणून डेटा दिशेप्रमाणे दोन ढिगांत वेगळा करा, तलावाकडून वारा असतानाचा एक आणि जमिनीकडून असतानाचा दुसरा, आणि दोन्हीत शेजाऱ्यांशी फरक काढा. जमिनीकडचा वारा चांगला वाहत असताना फरक जवळपास नाहीसा होत असेल तर सेन्सर शाबूत आहे. (दिशेची सरासरी साधी काढू नका हं, ३५० आणि १० ची साधी सरासरी १८० येते म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. वीडब्ल्यूएक्स व्हेक्टर पद्धतीने काढतं, एक्सेलमध्ये करणार असाल तर सांभाळून.)

आर्द्रतेचं म्हणाल तर टक्क्यांची तुलनाच करू नका, दवबिंदूची करा. हवेत बाष्प तेवढंच असेल, समजा दवबिंदू २० अंश, तर २५ अंश तापमानाला आर्द्रता ७४ टक्के येते आणि ३० अंशाला ५५ टक्के. तुमचे ७५ आणि त्यांचे ५५ बघा. तुम्ही ५ अंश गार आहात एवढ्यानेच तो सगळा फरक निघतो, तलावाने वेगळी वाफ घालायची सुद्धा गरज नाही.

अजून एक. तुमच्या शेजाऱ्यांचे सेन्सर कुठे आहेत? घरगुती स्टेशनं बरीचशी गच्चीवर, सिमेंटच्या वर, नाहीतर वारा न फिरणाऱ्या कोपऱ्यात असतात, आणि पंखा नसलेलं रेडिएशन शील्ड (सेन्सरला उन्हापासून झाकणारं प्लेटांचं आवरण) वारा पडला की उन्हात सहज एक-दोन अंश जास्त दाखवतं. तुमच्याकडे मोकळा वारा आहे म्हणजे तुमचं शील्ड त्यांच्यापेक्षा चांगलं काम करतंय. त्या ५ अंशांतला थोडा हिस्सा त्यांच्या नावावर टाका.

रात्रपाळी:
ढगोबांशी सहमत पण ग्राफवर विसंबून राहण्यापेक्षा सेन्सर एकदा घरात आणून तपासून घ्या ना, वेळ लागत नाही आणि मग वाद मिटतो. तापमानासाठी बारीक केलेला बर्फ आणि पाणी यांचा लगदा थर्मासमध्ये, बर्फ जास्त पाणी कमी, ढवळत राहायचं, सेन्सर पातळ पिशवीत घालून मध्यभागी. थोड्या वेळाने ० च्या अर्ध्या अंशात यायला पाहिजे. हवेतला सेन्सर थेट पाण्यात बुडवू नका, आर्द्रतेची चिप त्याच बोर्डावर असते, ती जाते.

आर्द्रतेसाठी मीठ. बाटलीच्या झाकणात साधं मीठ आणि थोडंसंच पाणी, ओल्या वाळूइतपत, मीठ पूर्ण विरघळलेलं नको. ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात रात्रभर, एकसारख्या तापमानाच्या खोलीत. मिठाच्या संपृक्त द्रावणावर हवा सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते, २५ अंशाला ७५.३. तुमचा सेन्सर ७२ ते ७८ दाखवत असेल तर घरगुती हिशोबाने उत्तम. ८५ दाखवत असेल तर मात्र गडबड आहे, आणि काठावर हे होतंच कारण रात्र-रात्र ९५ च्या वर राहिलं की कपॅसिटिव्ह सेन्सर (आपल्या स्टेशनांतले नेहमीचे आर्द्रतेचे) वर सरकून बसतात, कोरडे झाले तरी लवकर खाली येत नाहीत. त्यामुळे काठावर वापरायचा असेल तर आतला सेन्सर वेगळा काढून बदलता येतो का हे आधी बघायचं. जे मॉडेल सीलबंद येतं ते काठावर जास्त टिकत नाही हा माझा अनुभव.

पागोळी:
वरचं सगळं बरोबर, फक्त संध्याकाळचं एक राहिलं. तलाव तुमच्या पश्चिमेला आहे का? सूर्य डोक्यावर असताना पाणी जेमतेम ५-६ टक्के ऊन परत फेकतं पण सूर्य क्षितिजाजवळ उतरला की तेच पाणी आरशासारखं चमकतं, आणि आपली शील्ड वरून येणाऱ्या उन्हासाठी बनवलेली असतात, खालून तिरकं येणारं ऊन प्लेटांच्या फटीतून थेट आत. माझ्याकडे मावळायच्या आधी अर्धा-पाऊण तास तापमानाला एक टेंगूळ यायचं, पाणी शांत असलं तरच, लाटा असल्या की नाही. खालची प्लेट काळी असेल तर फरक पडतो, नाहीतर दोन मीटर मागे झुडपाच्या उंचीमागे सरकवा म्हणजे पाणी शील्डला दिसत नाही पण वारा मिळतो.

आणि पावसाचं बघताय ना? काठावर पर्जन्यमापक कमी मोजतो, वारा भांड्याच्या तोंडावरून उसळतो आणि थेंब बाहेर उडवतो, जितकं उंच आणि मोकळं तितकं जास्त. वाऱ्याला जागा जितकी चांगली तितकी पावसाला वाईट, म्हणून ऑल-इन-वन काठाला चालत नाही. जमिनीलगत एक साधं हाताने मोजायचं भांडं ठेवा आणि महिन्याच्या बेरजा ताडून बघा. शिवाय पक्षी. पाण्याकाठचं सगळ्यात उंच टोक म्हणजे पक्ष्यांना बसायला हक्काची जागा, विष्ठेने फनेलचं भोक बुजतं आणि मग पाऊस पडून गेल्यावर तासन्‌तास ठिबक ठिबक नोंदी येत राहतात. ग्राफमध्ये पाऊस थांबल्यानंतरही ०.२ ०.२ असं दिसायला लागलं की शिडी काढायची. आत कोळी पण बघा, टिपिंग बकेटच्या (ठराविक पाणी भरलं की उलटून एक नोंद देणारी) दोन पाळण्यांमध्ये जाळं असलं की ती उलटतच नाही.

मापन तपासायला: २० सेंटिमीटर व्यासाचं तोंड असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी, म्हणजे ३१४ मिली पाणी बरोबर १० मिमी. बाटलीला सुईने भोक पाडून तासभर हळूहळू ठिबकू द्या, ०.२ मिमीची बकेट असेल तर ५० वेळा उलटली पाहिजे. भसकन ओतलं तर कमीच येईल, तो दोष बकेटचा नाही.

वाऱ्यावर:
वारा नंतर बघू म्हणालात पण खरी मजा तिथेच आहे.

जागतिक हवामान संघटनेचं प्रमाण १० मीटर उंची, आणि अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या निदान १० पट लांब. तुमचा २ मीटरवर आहे, कमी येणारच. लोक काय करतात की एक गुणक लावून मोकळे होतात, काठावर ते चालत नाही कारण पाणी गुळगुळीत आणि जमीन खडबडीत. उंचीबरोबर वारा किती वाढतो त्याच्या नेहमीच्या लॉगरिदमच्या सूत्रात उघड्या गवताचा खडबडीतपणा ०.०३ मीटर धरला तर २ वरून १० मीटरला जायला १.३८ ने गुणावं लागतं. पाण्यासाठी ०.०००२ मीटर धरला तर १.१७ च येतो. म्हणजे त्याच स्टेशनला तलावाकडच्या वाऱ्यासाठी एक गुणक आणि जमिनीकडच्यासाठी दुसरा. त्यात तुमच्या घराची भिंत ज्या दिशेला आहे त्या दिशेला कुठलाच गुणक लागू नाही, तो पट्टा सरळ वगळा. आणि तुमच्या २० मीटर गवतामुळे तलावाकडचा वारा थोडा गवताळ होऊनच येतो, तेव्हा १.१७ ला दगडावरची रेघ समजू नका.

माझं मत, गुणकाच्या भानगडीत न पडता वाऱ्याचा वेग मोजणारे फिरते कप वेगळे काढून उंच खांबावर न्या आणि तापमान-आर्द्रता दीड-दोन मीटरवर गवतातच ठेवा. सरासरी १० मिनिटांची ठेवा, घरगुती स्क्रीनवर दिसतो तो क्षणाचा वारा असतो, त्याची कोणाशी तुलना करू नये.

जेट्टीवर तापमान अजिबात नको. तिथे तुम्ही पाण्याचं तापमान हवेतून मोजताय.

नावाडी:
@वाऱ्यावर, सॉरी पण जेट्टीबद्दल पटलं नाही. "पाण्याचं तापमान हवेतून" हेच तर मोजायचं असतं काही जणांना! मी जेट्टीवर एक आणि काठापासून आत थोडं लांब एक असे दोन ठेवतो, आणि दोन्हींच्या फरकाचा ग्राफ हाच माझ्या स्टेशनवरचा सगळ्यात वाचनीय ग्राफ आहे, लेक ब्रीझ किती वाजता सुरू झाली ते त्यात सुरी मारल्यासारखं दिसतं. बोटी काढणारे लोक तेवढंच बघायला येतात. हां, नेटवर्कला मुख्य स्टेशन म्हणून जेट्टीवरचं पाठवू नये हे मान्य.

पण काठावरच्या, तुमच्याकडे पाण्याचं तापमान नाहीये का? ते आधी लावा, बाकी सगळं त्यावरून समजतं. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरचा वॉटरप्रूफ प्रोब, अर्ध्या अंशापर्यंत अचूक, थेट रास्पबेरी पायला जोडता येतो. काठाच्या उथळ पाण्यात टाकू नका, ते उन्हात तापतं आणि तलावाशी त्याचा संबंध नसतो. जेट्टीच्या टोकाला एका तरंगाला अर्धा मीटर खाली लटकवा म्हणजे पातळी चढली-उतरली तरी खोली तीच. शेवाळ धरतं, अधूनमधून पुसायचं.

त्याचा उपयोग असा की पाण्यावरून लांबून आलेल्या हवेचा दवबिंदू पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाकडे झुकतो. तुमचा दवबिंदू पाण्यापेक्षा पण जास्त आणि शेजाऱ्यांपेक्षा पण बराच जास्त असेल तर आर्द्रतेचा सेन्सर खोटं बोलतोय, मिठाचा डबा काढा. आणि एखाद्या दिवशी जमिनीकडून जोराचा वारा सुटतो आणि पाण्याचं तापमान काही तासांत धाडकन खाली येतं, तेव्हा प्रोब गेला म्हणून फेकू नका, वारा वरचं कोमट पाणी काठापासून लांब ढकलतो आणि खालचं थंड वर येतं.

पातळी मोजायची असेल तर अजून धमाल. जेट्टीच्या खांबाला उभा पीव्हीसी पाइप, तळाशी बारीक भोक, म्हणजे लाटा आत येत नाहीत पण पातळी येते. वरून अल्ट्रासॉनिक सेन्सर चालतो पण आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो, १० अंशांनी साधारण पावणेदोन टक्के, म्हणजे २ मीटर अंतरावर साडेतीन सेंटिमीटर चूक, त्यामुळे पाइपातल्या हवेचं तापमान घेऊन दुरुस्त करावंच लागतं. नाहीतर रोज दुपारी तलाव वर-खाली होतोय असं दिसेल आणि तुम्ही आपले खूश.

खरं वर-खाली वेगळंच असतं. वारा पाणी एका टोकाला रेटून ठेवतो आणि वारा पडला की अख्खा तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंदकळतो. फोरेल नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात जिनिव्हा सरोवरावर हे मोजलं, तिथे एक हेलकावा सुमारे ७४ मिनिटांचा. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवरात तर तो १४ तासांच्या आसपास आहे आणि वादळात दोन टोकांच्या पातळीत २ मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. तुमच्या तलावाचा अंदाज काढायला लांबीची दुप्पट भागिले (गुरुत्वाकर्षण गुणिले सरासरी खोली) चं वर्गमूळ. १० किमी लांब आणि सरासरी १० मीटर खोल तलावाला ३४ मिनिटं येतात. म्हणून नोंद दर मिनिटाला ठेवा, अर्ध्या तासाने एक घेतलीत तर यातलं काही दिसणार नाही.

वाऱ्यावर:
@नावाडी दोन ठिकाणी ठेवत असाल तर माझी हरकत नाही, माझा आक्षेप फक्त एकुलत्या एका सेन्सरला जेट्टीवर नेण्याला होता. वाद संपला. :)

काठावरचा:
बापरे, एवढी उत्तरं. सगळ्यांचे आभार. दिशेप्रमाणे दोन ढीग केले. जमिनीकडून वारा असताना फरक अर्ध्या अंशाच्या आत येतोय, तलावाकडून असताना साडेचारपर्यंत. आणि ढगोबा म्हणाले तसं, सकाळी सगळ्यांबरोबर चढतं आणि साडेअकरा-बाराच्या सुमाराला धपकन खाली. मिठाच्या डब्यात रात्रभर ठेवलं, ७९ दाखवलं, म्हणजे ४ ने जास्त, तेवढं सॉफ्टवेअरमध्ये वजा करू का? तलाव पश्चिमेलाच आहे, टेंगूळ आहे, आधी ते खरंच ऊन वाटायचं.

स्टेशन आहे तिथेच ठेवतोय, वारा वेगळा करून उंच खांबावर. दोन शंका. हवेचा दाब माझा सगळ्यांपेक्षा २ हेक्टोपास्कलने जास्त येतो, तो पण तलाव का? आणि पाण्याकाठी उंच लोखंडी खांब म्हणजे वीज पडायची भीती, त्याचं काय करता?

रात्रपाळी:
४ सरसकट वजा करू नका, ७५ जवळ ४ आहे म्हणून ४० जवळ पण ४ असेल असं नाही. एखाद्या कोरड्या दुपारी, जमिनीचा वारा असताना, दवबिंदू शेजाऱ्यांशी ताडून बघा, तिथेही तेवढाच जास्त येत असेल तर खुशाल वजा करा. नाहीतर चिप बदला.

दाब तलावामुळे नाही. स्टेशन समुद्रसपाटीचा दाब काढायला तुम्ही भरलेली उंची वापरतं, ती चुकीची भरली असणार, फोनच्या जीपीएसवरून घेतली असेल तर १०-२० मीटरची चूक अगदी नेहमीची, आणि कमी उंचीच्या भागात साधारण ८ मीटरला १ हेक्टोपास्कल पडतो, म्हणजे १६ मीटरमध्ये तुमचे २ गेले. तुमच्याकडे बाकीच्यांकडे नसलेली सोय आहे, तलाव. मोठ्या तलावांची पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सर्व्हे करून रोज नोंदलेली असते, त्या दिवशीचा आकडा घ्या, शांत पाण्यापासून घरातल्या कन्सोलपर्यंतची (आकडे दाखवणारा स्क्रीनचा डबा) उभी उंची टेप आणि पारदर्शक नळी लावून मोजा आणि बेरीज करा. बॅरोमीटर बहुतेक वेळा बाहेरच्या दांड्यात नसतो, कन्सोलमध्ये असतो, तेव्हा कन्सोलची उंची. आणि एकदा भरली की पाण्याची पातळी बदलली म्हणून उंची बदलत बसू नका, कन्सोल जागचा हललेला नाही.

वाऱ्यावर:
विजेसाठी: खांबाला स्वतःचं अर्थिंग, शक्य तितकी सरळ आणि जाड तार, आणि ती घराच्या अर्थिंगला जोडायची की नाही हे इलेक्ट्रिशियनला विचारून, इथे वाचून नको. माझा आग्रह एवढाच की खांबावरून घरात तांब्याची एकही तार येऊ देऊ नका, कपांचा सेन्सर सोलर-बॅटरीवर चालणारा वायरलेस घ्या म्हणजे वीज पडलीच तर सेन्सर जाईल, राउटर आणि रास्पबेरी पाय वाचतील. नेटवर्कची केबल न्यायचीच झाली तर मध्ये फायबर.

खांब बिजागरीचा घ्या, आडवा पाडता येणारा, कारण कपांचं बेअरिंग काठावरच्या दमटपणात खरखरायला लागतं आणि मंद वाऱ्यात कप फिरतच नाहीत, मग वर्षातून निदान एकदा खाली आणावं लागतं. ग्राफमध्ये पहाटे शून्य-शून्य अशा लांब रांगा वाढायला लागल्या की समजायचं. आणि बिजागरी बसवताना खांब जमिनीच्या बाजूला पडेल अशी बसवा, आमच्या इथे एकाचा सगळा सेट तलावात गेलाय.